टॉवरच्या तोंडी ‘आयफ्लाय’ आलं, त्याबद्दल आभार

सप्रेम नमस्कार भाऊ,

कॉम्प्युटरवर विमान उडवायच्या माझ्या सिम्युलेटरमधला बिघाड तुम्ही शोधून दिलात. तुमच्या कॉम्प्युटरच्या दुकानात तोंडावर आभार मानले की तुम्ही ‘राहू दे, राहू दे’ म्हणत पुढच्या गिऱ्हाइकाकडे वळता. म्हणून हे पत्र उघड लिहिते आहे. मोर्शी-वरुडकडे आणखी कोणी पोरंपोरी घरच्या जुन्या कॉम्प्युटरवर विमान उडवत असतील, तर तुम्ही काय केलंत ते त्यांनाही कळायला हवं.

बाकीच्यांसाठी आधी थोडं सांगते. मला एटीसीत, म्हणजे हवाई वाहतूक नियंत्रणात जायचं आहे. भारतीय विमानपत्तन प्राधिकरण त्यासाठी ज्युनिअर एक्झिक्युटिव्हची परीक्षा घेतं आणि फिजिक्स-गणित घेऊन बीएस्सी झालेल्यांना ती देता येते. लेखी परीक्षेनंतर व्हॉइस टेस्ट, म्हणजे बोलण्याची चाचणी असते. इंग्रजी वाचून समजणं आणि रेडिओवरचं इंग्रजी कानाने पकडणं यात फार अंतर आहे. ते कमी करायला माझ्याजवळ एकच साधन होतं, घरचा असेंबल केलेला पीसी आणि त्यावरचा फ्लाइट सिम्युलेटर एक्स, म्हणजे कॉम्प्युटरवर विमान उडवायचं मायक्रोसॉफ्टचं सॉफ्टवेअर. २००६ सालचा हा सिम्युलेटर आमच्या मशीनवर अजून चालतो.

रेडिओवर प्रत्येक विमानाला एक हाक असते, कॉलसाइन. ती कंपनीच्या नावासारखीच असेल असं नाही. ब्रिटिश एअरवेजची हाक ‘स्पीडबर्ड’, अलायन्स एअरची ‘अलाइड’ आणि इंडिगोची ‘आयफ्लाय’. नियंत्रक आधी हाक मारतो, मग सूचना देतो. वैमानिक ती सूचना परत म्हणून दाखवतो आणि शेवटी आपली हाक जोडतो. एकाच वेळी आकाशात दोन सारख्या हाका असल्या की एकाची सूचना दुसरा घेण्याचा धोका असतो, म्हणून या धंद्यात हाकेला एवढी किंमत. आणि नेमकी तीच माझ्या सिम्युलेटरमध्ये बिघडलेली. इंडिगोच्या रंगाचं ए३२१, म्हणजे एअरबसचं विमान, मी त्यात टाकलं होतं. सोनेगावच्या, म्हणजे नागपूर विमानतळाच्या, १४-३२ धावपट्टीवर उभं राहून परवानगी मागितली की टॉवर, म्हणजे तिथला नियंत्रक, मला शेपटीवरच्या नोंदणी क्रमांकाने हाक मारायचा, ‘व्हिक्टर टँगो’ असं अक्षरं फोडून. वरून मागे ‘हेवी’ जोडायचा. हेवी हा शब्द १३६ टनांपेक्षा जास्त वजनाने उडू शकणाऱ्या विमानांसाठी असतो. ए३२१ त्यात मुळीच बसत नाही. असा चुकीचा सराव कानात बसला तर तो नंतर काढायचा कसा, ही मला खरी काळजी होती.

पीसी घेऊन मी तुमच्याकडे आले तेव्हा दुकानात पीकविम्याच्या फॉर्मची गर्दी होती. सर्व्हर डाउन, माणसं बाकावर, कोणाचा सातबारा हातात, कोणाचं आधार. त्यात मी विमानाचं गाऱ्हाणं घेऊन उभी. तुम्ही हसला नाहीत. ‘गेम आहे का?’ असंही विचारलं नाहीत. टेबलाखालची पिन काढून पीसी जोडलात आणि पहिला प्रश्न विचारलात, तो मी वहीत लिहून ठेवला आहे.

‘टॉवर तुले कोन समजून रायला, थे पयले सांग.’

त्या प्रश्नाने माझं डोकं जागेवर आलं. तोवर मी ‘कॉलसाइन बिघडला’ एवढंच म्हणत होते. टॉवर मला कोण समजतो, ही माहिती कुठून घेतो, असा विचारच केला नव्हता. मग आपण विमानाच्या फोल्डरमधली एअरक्राफ्ट डॉट सीएफजी ही फाइल उघडली. त्यात विमानाच्या प्रत्येक रंगासाठी मजकुराचा एक तुकडा असतो, चौकोनी कंसात ‘एफएलटीसिम’ आणि पुढे क्रमांक. क्रमांक शून्यापासून ओळीने हवेत. रंगासोबत तयार आलेल्या मजकुरात क्रमांक आधीचाच पुन्हा पडला होता, तो तुम्ही नुसत्या नजरेने पकडलात. खाली ‘एटीसी हेवी’ या ओळीपुढे एक होता, तो शून्य केला. फ्लाइट नंबरची ओळ रिकामीच होती, ती भरली. नंबर नसला तर कंपनीची हाक असूनही टॉवर शेपटीच्या क्रमांकावर जातो, हे तेव्हा उमगलं.

एवढं करूनही काही बदललं नाही. मी निराश झाले होते, तुम्ही नाही. फोल्डरमध्ये फायलीचं पूर्ण नाव दिसेल अशी सेटिंग तुम्ही चालू केलीत आणि बघितलं तर आपली फाइल ‘एअरक्राफ्ट डॉट सीएफजी डॉट टीएक्सटी’ होऊन बसली होती. नोटपॅडने शेपूट लावलेलं, विंडोजने ते लपवलेलं. सिम्युलेटर इमानाने जुनीच फाइल वाचत होता. नाव सरळ केलं, सिम्युलेटर बंद करून चालू केला आणि हेवी गेला! नोंदणी क्रमांक मात्र तसाच.

यापुढे तुम्ही जे केलंत त्यासाठी खरं तर हे पत्र आहे. मी एकदम तीन ओळी बदलायला निघाले होते. तुम्ही माझा हात माउसवरून बाजूला केलात.

‘एका वक्ती एकच बदलव. दोन बदलवल्या तं कोनती लागू पडली थे समजत नाही.’

मग विचारलंत, टॉवरला शंभर टक्के ठाऊक असेल असं एखादं नाव माहीत आहे का. मी म्हटलं, स्पीडबर्ड. इंडिगोचंच विमान, इंडिगोचाच रंग, फक्त एअरलाइनच्या ओळीत स्पीडबर्ड. परवानगी मागितली आणि स्पीकरमधून स्वच्छ ‘स्पीडबर्ड’ आलं. बाकावरचे दोन काका वळून बघायला लागले. तुम्ही एवढंच म्हणालात, ‘म्हणजे फाइल चांगली आहे, आवाजात नाव नाही.’

अगदी तसंच निघालं. या सिम्युलेटरचा टॉवर बोलत नसतो. बडनेरा स्टेशनवरच्या घोषणेसारखे आधी ध्वनिमुद्रित केलेले तुकडे तो जोडतो. तुकडा असेल तर नाव घेतो, नसेल तर गुपचूप नोंदणी क्रमांकावर उतरतो आणि कुठलीही चूक दाखवत नाही. इंडिगोने उड्डाणं सुरू केली ऑगस्ट २००६ मध्ये, सिम्युलेटर बाजारात आला त्याच वर्षी ऑक्टोबरात. मग आयफ्लाय त्या आवाजांत असणार कुठून! आवाजाची फाइल दुरुस्त करणारं एडिट व्हॉइसपॅक नावाचं सॉफ्टवेअर मिळतं. त्याला हात लावण्याआधी तुम्ही मूळ फाइलची कॉपी माझ्या पेन ड्राइव्हवर आणि दुसरी तुमच्या मशीनवर ठेवलीत. मग नवं नाव घालून फाइल पुन्हा तयार केली आणि सीएफजीत अगदी त्याच स्पेलिंगने लिहिलं. त्या संध्याकाळी सोनेगावच्या टॉवरने मला आयफ्लाय म्हटलं.

भाऊ, तुम्ही स्वतः विमानात बसलेले नाही, हे तुम्हीच सांगितलंत. हेवी म्हणजे काय हे माझ्याकडून ऐकून घेतलंत, दोनदा विचारून घेतलंत, आणि तेवढ्यावर बिघाड शोधलात. ज्याला विमानातलं कळतं असा माणूस मी नागपूरपर्यंत शोधत होते. बिघाड कसा शोधायचा हे कळणारा माणूस तहसीलच्या रस्त्यावर बसला आहे, हे लक्षातच आलं नव्हतं. आता फिजिक्सचं गणित अडलं तरी मी एका वेळी एकच पायरी बदलून बघते.

१६ एप्रिल २०२५ ला बेलोऱ्याहून, म्हणजे अमरावतीच्या विमानतळावरून, प्रवासी विमानसेवा सुरू झाली, अलायन्स एअरचं एटीआर जातीचं पंख्याचं विमान. आता सिम्युलेटरमध्ये अलाइडही घालायचं आहे. या वेळी मी घरीच करून बघते. आधी कॉपी, मग एकच बदल. अडलं तर येईन, पण पीकविम्याची मुदत संपल्यावर.

पैसे तुम्ही घेतले नाहीत. बाबांनी मृग बहाराच्या संत्र्याची एक पेटी तुमच्या नावाने बाजूला काढायची ठरवली आहे, तिला तरी नाही म्हणू नका. आणि फायलींची नावं, ओळी, कुठे काय बदललं, हे सगळं मी मराठीत दोन पानांवर लिहून काढलं आहे. एक प्रत तुमच्या काउंटरवर ठेवते. कोणी असंच गाऱ्हाणं घेऊन आलं तर त्याला द्या आणि माझा नंबरही द्या.

तुमची,
मोर्शी तालुक्यातली एक विद्यार्थिनी