आईची डिस्क न पुसणाऱ्या तंत्रज्ञांस

सप्रेम नमस्कार, वि. वि.

आमच्या घरून निघताना आपण ‘आभार कसले मानता, काम होते ते केले’ असे म्हणालात आणि त्या वेळी माझ्या तोंडून काही शब्दच फुटले नाहीत. म्हणून हे पत्र जाहीरपणे लिहीत आहे. आपले नाव कुठे येऊ नये ही आपली इच्छा मी पाळते आहे. पण मिरज-कुपवाड भागात ज्यांची जुनी यंत्रे आपल्यामुळे आजही चालू आहेत, ते हे वाचून आपल्याला नक्की ओळखतील.

माझी आई गेली कित्येक वर्षे घरीच मराठी अक्षरजुळणी करते. शाळांच्या स्मरणिका, पतसंस्थांचे वार्षिक अहवाल, प्राध्यापकांचे प्रबंध, एखाद्या निवृत्त शिक्षकाचा पदरमोड करून काढलेला कवितासंग्रह, असे सगळे तिच्या हातून छापखान्यात गेले आहे. तिचे सारे काम पानांची मांडणी करणारे पेजमेकर ७.० आणि मराठी अक्षरांसाठीचे श्रीलिपी या सॉफ्टवेअरांवर चालते, आणि ही दोन्ही तिच्या विंडोज एक्सपी या जुन्या प्रणालीच्या संगणकावर आहेत. त्याची हार्ड डिस्क कुरकुरू लागली आणि एके सकाळी विंडोज अर्ध्यावरच थांबले, तेव्हा थांबला तो केवळ संगणक नव्हता, तर मुद्रितशोधनासाठी आलेले एक पूर्ण पुस्तकही त्याच्यासोबत अडकले.

‘काकूंना नवा संगणक घेऊन द्या’ हे त्यानंतर आम्ही जिथे जिथे गेलो तिथे ऐकले. सांगणाऱ्यांना वाटे की आम्ही पैशांसाठी मागे सरतो आहोत. खरी अडचण कोणी ऐकून घेतली नाही. आईच्या सॉफ्टवेअरला प्रिंटरच्या जुन्या रुंद पोर्टमध्ये बसणारे, अंगठ्याएवढे एक डाँगल लागते. ते नसेल तर सॉफ्टवेअर उघडत नाही. त्या डाँगलचा ड्रायव्हर, म्हणजे त्याची विंडोजशी गाठ घालून देणारा छोटा प्रोग्राम, जुन्या ३२ बिट पद्धतीचा आहे, तर विंडोज ११ फक्त ६४ बिटमध्येच मिळते आणि ६४ बिटचे विंडोज असे ड्रायव्हर स्वीकारत नाही. शिवाय तिच्या फाइली युनिकोडच्या, म्हणजे आता सगळीकडे चालणाऱ्या अक्षरसंकेताच्या, नाहीत. त्या काळच्या फाँटांमध्ये रोमन अक्षरांच्या जागी देवनागरीचे तुकडे बसवलेले असत, त्यामुळे तो फाँट नसलेल्या संगणकावर फाइल उघडली की सुबक मराठी मजकुराच्या जागी रोमन अक्षरे आणि चिन्हे यांची सरमिसळ दिसते. पेजमेकरची ७.० ही आवृत्ती २००१ मध्ये आली आणि तीच शेवटची ठरली. म्हणजे जुने काम उघडायचे, दुरुस्त करायचे आणि पुन्हा छापायला द्यायचे, तर एक्सपी हवेच होते. यात हट्ट कसला?

एका दुकानात तर संगणकाचे झाकण उघडण्याआधीच ‘फॉरमॅट मारून टाकू’, म्हणजे सारी डिस्क पुसून टाकू, असे सांगण्यात आले. दुसऱ्या ठिकाणी संगणक ठेवून घेतला, तो बरेच दिवस एका कोपऱ्यात वीज न जोडता पडून राहिला, आणि शेवटी एक्सपीची सीडी घातल्यावर बिघाड दाखवणारा निळा पडदा आला म्हणून मदरबोर्ड (संगणकाचा मुख्य फलक) गेल्याचे सांगून तपासणीचे पैसे घेण्यात आले. संगणक घरी आणला तेव्हा मागचे डाँगल जागेवर नव्हते. मी परत गेले, तेव्हा ते टाकाऊ तारांच्या खोक्यात सापडले. परवान्याची सारी किंमत ज्या वस्तूत सामावलेली आहे, तिची ही अवस्था पाहून आईचा चेहरा उतरला. त्यांना जुने तंत्र ठाऊक नसेल, तर त्यात राग धरण्यासारखे काही नाही. पण ठाऊक नाही असे सांगण्याऐवजी आईचे कामच निरुपयोगी ठरवण्याची त्यांची जी रीत होती, तिचा राग मला आजही येतो.

आपण आलात ते औद्योगिक वसाहतीतले आपले काम आटोपून. तिथल्या कित्येक यंत्रांना जोडलेले संगणक अजून एक्सपीवरच चालतात आणि ते सांभाळणे हाच आपला व्यवसाय आहे, हे आम्हाला ओळखीच्या एका छापखानेवाल्यांकडून कळले होते. आपण बसलात, पाणी घेतलेत आणि संगणकाकडे वळण्याआधी आईला विचारलेत, ‘काकू, यात काय काय आहे?’

इतक्या ठिकाणी फिरून हा प्रश्न आम्ही पहिल्यांदाच ऐकला. आई सांगत राहिली, आपण मधे न बोलता ऐकत राहिलात. मग आपण केबल काढून जुनी डिस्क बाहेर घेतलीत, पिशवीतून आणलेल्या, स्थिर विजेपासून जपणाऱ्या करड्या अँटिस्टॅटिक पाकिटात ती ठेवलीत, पाकिटावर कागदी पट्टी चिकटवून तिच्यावर आईचे नाव, तारीख आणि खाली ‘मूळ डिस्क, पुसू नये’ असे स्वच्छ मराठीत लिहिलेत, आणि ते पाकीट टेबलावर न ठेवता आईच्या हातात दिलेत. ‘एक्सपी मी दुसऱ्या डिस्कवर टाकतो. ही तुमच्याजवळ ठेवा. मी मागेन तेव्हाच द्या,’ एवढेच आपण म्हणालात.

त्या दिवशी आपण केलेल्या साऱ्या कामातून मला एकच गोष्ट निवडायला सांगितली, तर मी हीच निवडेन. तांत्रिकदृष्ट्या तो साधा खबरदारीचा उपाय असेल. पण वर्षानुवर्षांचे काम कोणीतरी एका कळीसरशी पुसून टाकील या भीतीने आईला त्या दिवसांत झोप लागत नव्हती, आणि ती भीती आपण एकाही धीराच्या वाक्याशिवाय घालवलीत. पुढचे सारे काम होईपर्यंत ती ते पाकीट मांडीवर घेऊन बसली होती. आपण ते पाहिलेत आणि त्यावर काहीही बोलला नाहीत, याबद्दलही मी आपली ऋणी आहे.

निळ्या पडद्याचे कारण आपण पाहता पाहता शोधलेत. मदरबोर्डवरची नाण्याएवढी बॅटरी संपली होती, वीज नसताना बायोसच्या, म्हणजे संगणक सुरू करणाऱ्या मूळ प्रोग्रामच्या, साऱ्या नोंदी मूळ जागी गेल्या होत्या, आणि डिस्कची जोडणी आयडीई या जुन्या पद्धतीऐवजी एएचसीआय या नव्या पद्धतीवर येऊन बसली होती. एक्सपीच्या मूळ सीडीत त्या पद्धतीचा ड्रायव्हरच नसतो. म्हणजे ‘गेलेला’ मदरबोर्ड धडधाकट होता. हे कळल्यावर आपण आधीच्या दुकानदारांबद्दल एक शब्दही वावगा काढला नाहीत. मी मात्र इथे तो काढला आहे, आणि त्याबद्दल मला संकोच वाटत नाही.

एक्सपी बसवताना लागणाऱ्या प्रॉडक्ट कीचे स्टिकर संगणकाच्या बाजूला होते, पण वर्षानुवर्षांच्या पुसापुशीने त्यावरची २५ अक्षरे फिकट झाली होती. आपण मोबाइलचा उजेड तिरपा धरून एकेक अक्षर वाचलेत, आठ आहे की बी याची आईकडून खात्री करून घेतलीत, आणि शेवटी ती अक्षरे मोठ्या आकारात एका कागदावर लिहून आईच्या कपाटात ठेवायला दिलीत. पुढे कधी हीच वेळ आली, तर येणाऱ्याची अडचण होऊ नये म्हणून.

एक्सपी आले, पेजमेकर आले, डाँगल ओळखले गेले, जुन्या डिस्कवरच्या फाइली नव्या डिस्कवर उतरल्या. एवढ्यावर कुणीही निघाले असते. आपण खुर्ची आईला दिलीत आणि म्हणालात, ‘तुमच्या सवयीचा कीबोर्ड आला का ते तुम्हीच बघा, मला त्यातले कळत नाही.’ आईचा हात टाइपरायटरवर बसलेला आहे, आणि तिने नेहमीप्रमाणे अवघड शब्दांपासूनच सुरुवात केली: दऱ्या, तऱ्हा, वाङ्मय, उद्ध्वस्त. जोडाक्षरे नीट उमटली, छापूनही नीट आली, तेव्हाच आपण पिशवी आवरलीत. ज्याला जे येते ते त्याच्याकडून समजून घ्यावे आणि आपल्याला जे येते त्याचा डौल मिरवू नये, ही वृत्ती आता फार थोड्या लोकांत दिसते. ती ज्यांच्यात आहे, त्यांच्या भरवशावर आपल्याकडची कितीतरी छोटी, मोलाची कामे टिकून आहेत, असे माझे ठाम मत आहे.

जाताना आपण बजावलेत की एक्सपीची सुरक्षा-दुरुस्ती ८ एप्रिल २०१४ रोजीच थांबली आहे, तेव्हा या संगणकाला इंटरनेट जोडायचे नाही, आणि बाहेरचा पेन ड्राइव्ह आधी दुसऱ्या संगणकावर तपासल्याशिवाय लावायचा नाही. आम्ही ते तंतोतंत पाळतो. जुना मजकूर हळूहळू युनिकोडमध्ये आणावा हा आपला सल्लाही आईने मनावर घेतला आहे. आधी प्रबंध, मग स्मरणिका असा क्रम तिने लावला आहे, आणि रूपांतरात र-काराच्या ज्या चुका राहतात त्या ती स्वतः ओळीओळीने तपासते.

अडकलेले पुस्तक छपाईला गेले आहे. लेखकांनी ऋणनिर्देशात आपला उल्लेख ‘संगणक दुरुस्त करणारे मिरजेचे एक स्नेही’ असा केला आहे. नाव त्यांनीही दिलेले नाही. पहिल्या प्रतींपैकी एक आपल्याला पाठवायची असे आईने ठरवले आहे, तेव्हा आपला टपालाचा पत्ता तेवढा कळवावा.

कळावे, लोभ असावा.

आपली नम्र,
काकूंची मुलगी