माळ काढा, पण आधी विचारा

मा. संपादक,
स. न. वि. वि.

गेल्या महिन्यात माझे सासरे न्हाणीघरात घसरून पडले आणि खुब्याचे हाड मोडले. वय 81, माळकरी, उभी हयात वारीत गेलेली. एका खासगी रुग्णालयात ऑपरेशन झाले, चांगले झाले. डॉक्टरांच्या हाताबद्दल माझी काही तक्रार नाही. पण थिएटरमध्ये नेताना कुणीतरी त्यांच्या गळ्यातली तुळशीची माळ कात्रीने कापली आणि मणी ट्रेमध्ये टाकले. त्यांना विचारले नाही. आम्ही दाराशीच उभे होतो, आम्हालाही नाही.

दुसऱ्या दिवशी त्यांनी पेजेला हात लावला नाही. पाणीसुद्धा नको म्हणाले. त्यात मधुमेह. फाइलवर ‘रुग्ण सहकार्य करत नाही’ असा शेरा पडला आणि दुपारपर्यंत नाकातून नळी घालण्याची भाषा सुरू झाली. गळ्यात माळ नसताना अन्नपाणी घ्यायचे नाही, हा त्यांचा नेम. वॉर्डात तो कुणाला माहीत नव्हता, कारण कुणी विचारलाच नव्हता. संध्याकाळी गावच्या दिंडीतले एक माळकरी एस.टी.ने नवी माळ घेऊन आले. ती गळ्यात पडली आणि मामंजींनी वाटीभर पेज घेतली.

मी स्वतः 31 वर्षे परिचारिका होते, म्हणून दोन्ही बाजू जाणते. ऑपरेशनला अंगावर धातू चालत नाही, कॉटरीने, म्हणजे रक्तस्राव थांबवणाऱ्या विजेच्या उपकरणाने, भाजण्याची भीती असते. माळ लाकडाची असली तरी ऐनवेळी घशात नळी घालावी लागली तर ती मध्ये येते. म्हणजे माळ काढणे योग्यच होते. पण ती डोक्यावरून अलगद काढून गॉजमध्ये गुंडाळता आली असती, सलाइन नसलेल्या हाताच्या मनगटाला चिकटपट्टीने बांधता आली असती, नाहीतर आमच्या हातात देता आली असती. फार तर दोन मिनिटे गेली असती.

हे लिहिताना मला एक बाळंतीण आठवते. नोकरीची पहिली वर्षे, रात्रपाळी, सिझरची घाई. तिच्या हातातला हिरवा चुडा मी एक शब्द न बोलता फोडला. ती कळांनी रडत नव्हती, बांगड्यांसाठी रडत होती, हे मला फार उशिरा उमगले. आपल्या भाषेत बांगडी ‘फुटली’ असे सवाष्णीसमोर म्हणत नाहीत, ‘वाढवली’ म्हणतात. ‘ताई, बाळासाठी बांगड्या वाढवू या का?’ एवढे म्हटले असते तर तिने स्वतःच हात पुढे केला असता. तिची माफी मागायची राहून गेली.

आणि रागावल्याने श्रद्धा सुटत नाही, लपते. रमजानात रोजे धरणारा मधुमेही असो की निर्जळी एकादशी करणारी आजी, ‘असले काही चालणार नाही’ असे एकदा ऐकले की ते आपल्याला सांगणे बंद करतात. उपास करतात, गोळी नेहमीसारखी घेतात आणि साखर उतरून बेशुद्ध होऊन येतात. आधी विचारले तर औषधाची वेळ आणि मात्रा बदलता येते, आणि खरेच झेपणार नसेल तर तेही पटवून सांगता येते.

यावर कुणी म्हणेल, मग मांत्रिकालाही वॉर्डात आणायचा का? मुळीच नाही. पोट फुगले म्हणून बाळाला तापल्या सळईचे चटके देण्याची डंबा नावाची प्रथा मेळघाटात आहे. तिचा आदर करा असे मी कधीच म्हणणार नाही. 2013च्या जादूटोणाविरोधी कायद्याने साप, विंचू किंवा कुत्रा चावल्यावर उपचारापासून रोखून मंत्रतंत्र करणे गुन्हा ठरवले आहे, आणि त्याच कायद्याने वारी, कीर्तन, हरिपाठ यांना हात लावलेला नाही. कायद्याला जो फरक कळतो तो आपल्याला वॉर्डात कळायला हवा. माळेने कुणाचे हाड जुळायचे थांबत नाही.

गडचिरोलीत डॉ. अभय आणि डॉ. राणी बंग यांनी रुग्णालय उभारताना आदिवासींनाच विचारले, तुम्हाला दवाखाना कसा हवा? पांढऱ्या कपड्यांची भीती वाटते, कारण आम्ही प्रेत पांढऱ्या कापडात गुंडाळतो, हे त्यातून कळले. नातेवाइकांना जवळ राहता येईल अशा झोपड्यांसारख्या खोल्या बांधल्या आणि दवाखान्याला नाव दिले त्यांच्याच देवीचे, माँ दंतेश्वरी. औषधे आधुनिकच राहिली.

रुग्णालयांना मानांकन देणाऱ्या ‘एनएबीएच’च्या निकषांतही रुग्णाच्या सांस्कृतिक व धार्मिक गरजांचा आदर नमूद आहे. दाखल होताना भरून घेतात त्या फॉर्मवर धर्माचा रकाना असतो, पण ‘तुमचे काही पाळायचे असते का?’ हा प्रश्न मला आजवर कुठे दिसला नाही. तो छापावा, दाखल करून घेणाऱ्या सिस्टरने तो तोंडी विचारावा आणि उत्तर थिएटरपर्यंत पोहोचेल असे फाइलच्या पहिल्या पानावर लिहावे, अशी आपल्या पत्रातून सर्व रुग्णालयांना माझी कळकळीची विनंती आहे.

आपली,
एक निवृत्त परिचारिका, सातारा