चिरंजीवास पत्र: गोडीबद्दल

॥ श्री विठ्ठल प्रसन्न ॥

खानापूर, जि. बेळगाव

चि. बाळ यास अनेक उत्तम आशीर्वाद.

शेअर बाजारातल्या ऑप्शनच्या सट्ट्याच्या नादात पगार तर गेलाच, वर उसने आणलेले पैसेही गेले, हे परवा तू फोनवर रडत सांगितलेस, तेव्हा मी फार बोललो नाही. तुझ्या आईला सर्व सांगितले आहे. पैशांचे आपण मिळून पाहू. पण "ॲप काढून टाकले, आता शपथ घेतली," हे तुझे वाक्य मला रात्रभर सलत राहिले, म्हणून हे पत्र.

तुझ्या जन्माआधी मी मटका, म्हणजे आकड्यांचा जुगार, खेळत असे, हे तुला ठाऊक नाही. भात विकून आलेल्या पैशांतले निम्मे घरी पोचत नसत. चार वेळा मी देवळात हात ठेवून शपथ घेतली आणि अड्ड्याची पायरी चढलो नाही. परंतु स्टँडवर बस येताना दिसली, की पाटीवरच्या केए २२ नंतरच्या आकड्यांची बेरीज मनात आपोआप होई, आणि संध्याकाळी तोच आकडा फुटल्याचे कानावर आले, की न लावलेले पैसे बुडाल्यासारखी तळमळ होई. चारही शपथा अशाच तुटल्या.

गीतेच्या दुसऱ्या अध्यायात ५९ वा श्लोक आहे. विषयांचा आहार तोडणाऱ्यापासून विषय दूर होतात, पण त्यांचा रस, म्हणजे गोडी, आत उरतो, आणि तो रस परमात्म्याचे दर्शन झाल्यावरच ओसरतो, असे भगवंत तिथे सांगतात. यावर ज्ञानेश्वर माउली म्हणतात, की वरवरची पालवी खुडायची आणि मुळाला पाणी घालत राहायचे, तर ते झाड मरेल कसे? माझ्या चारही शपथा म्हणजे ही पालवी खुडणे होते, आणि तुझे ॲप काढणेही सध्या तेवढेच आहे.

पुढे गावातल्या एका वृद्ध माळकऱ्यांनी मला रोज सायंकाळी हरिपाठाला उभे केले. पहिले कित्येक महिने ओठांवर नाम आणि डोक्यात मटक्याचे ओपन-क्लोजचे आकडे, अशी माझी स्थिती होती. लाज वाटून मी ते त्यांना सांगितले, तेव्हा ते एवढेच म्हणाले, "आकडे येऊ देत, तू टाळ सोडू नकोस." टाळाची दोरी बोटाला घासून तिथे घट्टा पडला, तो अजून आहे. मग मी माळ घातली, एकादशी धरली, दिंडीत चालू लागलो. एके दिवशी स्टँडवर उभा असताना बस समोरून निघून गेली, आणि बऱ्याच वेळाने माझ्या ध्यानात आले, की आपण आज बेरीज केलीच नाही. त्या क्षणी माझे डोळे भरून आले.

आपल्या शेजारच्या कानडी अज्जी कन्नड संतकवी पुरंदरदासांची पदे म्हणत, ते तुला आठवत असेल. परंपरा सांगते, की ते आधी हिरेमाणकांचा व्यापार करणारे अत्यंत कंजूष सावकार होते, आणि पत्नीने याचकाला दिलेल्या नथीच्या प्रसंगाने त्यांचे मन असे पालटले, की सारे धन वाटून ते तंबोरा घेऊन बाहेर पडले. ही कथा मला फार जवळची वाटते, कारण हिरेमाणकांची पारख असलेल्या माणसाला त्याहून मोलाचे काही गवसल्याशिवाय ती पारख हातून सुटत नाही. त्यांच्या पदांत शेवटी येणारा तो पुरंदर विठ्ठल आणि आपला पंढरीचा विठोबा एकच.

म्हणून तुला नवी शपथ मागत नाही. बाजार सुरू होण्याच्या वेळी तुझे मन ओढ घेणारच. तेव्हा दहा मिनिटे हरिपाठाचा एक अभंग मोठ्याने म्हण, मन रमले नाही तरी म्हण. देणे किती आणि कोणाचे, ते कागदावर लिहून आण.

येत्या एकादशीला गावी ये. माझ्या टाळांची दोरी जीर्ण झाली होती, ती मी काल बदलून घेतली आहे, आणि घरात टाळांचा आणखी एक जोड आहे.

तुझे आप्पा