आम्ही इथले ‘इंग्लिश’

लँकेस्टर परगणा, पेनसिल्व्हेनिया

चि. अमोघ यास,
अनेक उत्तम आशीर्वाद.

रविवारी फोनवर तू म्हणालास की घर विकून आमच्याजवळ न्यू जर्सीला या, त्या घोडागाडीवाल्यांत तुम्हाला अडीअडचणीला कोण आहे. त्या वेळी मी विषय बदलला, कारण ज्या माणसांविषयी तू बोलत होतास त्यांच्याविषयी दोन वाक्यांत काही सांगता येईल असे मला वाटले नाही. म्हणून सवडीने लिहीत आहे.

तू सगळ्यांना सरसकट ‘आमिश’ म्हणतोस, पण आपल्या एका रस्त्यावर तीन तऱ्हेची माणसे राहतात. पूर्वेकडच्या घराची बग्गी राखाडी छताची आहे, ते आमिश. ओढ्यापलीकडे काळी बग्गी, ओसरीवर सायकली आणि शेतात लोखंडी चाकांचा ट्रॅक्टर दिसतो, ते जुन्या वळणाचे मेनोनाइट. वळणावरच्या कुटुंबाकडे मोटार आहे, पण ती काळीच हवी असा त्यांचा दंडक, तेही मेनोनाइटच. मोटार घ्यावी की नाही या प्रश्नावरून या दोघांच्या मंडळ्या १९२७ साली वेगळ्या झाल्या. मूळ सर्वांचे एकच. बाप्तिस्मा जाणत्या वयात, स्वतःच्या निर्णयाने घ्यावा असा आग्रह धरणारा जो ख्रिस्ती पंथ १५२५ साली झुरिकमध्ये निघाला, त्यातून मेनो सिमन्सच्या नावाचे मेनोनाइट झाले, आणि १६९३ साली याकोब आमानच्या मागे जे बाजूला झाले ते आमिश.

मेनोनाइट हा शब्द मात्र मी अमेरिकेत प्रथम ऐकला नाही. छत्तीसगडातल्या धमतरीच्या दवाखान्यात माझ्या आत्याचे बाळंतपण झाले होते, आणि आजी ‘मेनोनाइट मिशनचा दवाखाना’ असेच म्हणत असे. १८९९ च्या दुष्काळात ही मंडळी मदतीसाठी तिथे पोहोचली होती. त्यांच्याच कुळातले लोक घोड्याच्या बग्गीतून फिरताना पाहण्याचा योग म्हातारपणी येईल असे मात्र कधी वाटले नव्हते.

यांच्या लेखी आमिश नसलेला प्रत्येक जण ‘इंग्लिश’. तुझ्या पणजोबांनी बेचाळीसच्या चळवळीत तुरुंगवास भोगला, आणि त्यांची नात इथे इंग्लिश ठरली, यावर तुझे बाबा अजून हसतात. दुसरा धक्का असा की पलीकडची आठ वर्षांची मुलगी मला सरळ नावाने हाक मारते. काकू नाही, मॅडम नाही. लहानथोर सगळे एकमेकांना नावानेच हाक मारतात, हे कळायला मला काही महिने लागले.

पहिल्याच वर्षी माझ्या हातून एक चूक झाली, ती तुला कधी सांगितली नाही. स्कूटरला पायाने रेटा देत शाळेत निघालेल्या मुलांचा मी फोटो काढला. (लँकेस्टरच्या आमिशांना सायकल चालत नाही, स्कूटर चालते, सायकल मेनोनाइटांची.) संध्याकाळी त्यांचे वडील दारात आले, हवापाण्याचे बोलले आणि जाता जाता म्हणाले की आम्ही फोटो काढून घेत नाही. आवाज चढला नाही. मी त्यांच्यासमोरच फोटो पुसला, पण पुढचे कित्येक आठवडे मला पाहिले की ती मुले घरात जात. त्यांच्या मते चेहऱ्याची प्रतिमा करणे हे धर्मग्रंथाच्या आज्ञेविरुद्ध आहे आणि त्यातून अहंकार वाढतो. मला ते पटले की नाही हा प्रश्न वेगळा. चेहरा त्यांचा आहे.

तुझा नेहमीचा आक्षेप असा की स्वतः मोटार ठेवायची नाही आणि तुमच्या मोटारीतून फिरायचे, हा ढोंगीपणा आहे. मलाही आधी तसेच वाटे. शेजारच्या आमिश घरातल्या आजींना महिन्यातून दोनदा इस्पितळात नेते (पेट्रोलचे पैसे त्या मोजून देतात), तेव्हा वाटेत याविषयी बोलणे झाले. मोटार पापी आहे असे त्यांचे म्हणणे नाही. ती दारात उभी असली की माणूस दूर कामाला जातो, मुले दूर राहतात आणि शेजार सुटतो. गरजेपुरती दुसऱ्याची वापरली तर तसे होत नाही. टेलिफोन घरात नसून शेताच्या कडेला छोट्या खोपटात असतो, तोही याच हिशेबाने. ट्रॅक्टरला लोखंडी चाके लावली की तो गावात फिरायला नेता येत नाही. कोणती वस्तू घरात यावी हे मंडळी मिळून ठरवते आणि त्या अलिखित नियमांना ‘ऑर्डनुंग’ म्हणतात. फोनवर तुझ्या मागे तीन स्क्रीन एकाच वेळी बोलत असतात, तेव्हा मला ते खोपटे आठवते.

मी त्यांना संत समजते असे मात्र मानू नकोस. आठवीनंतर शाळा बंद, आणि १९७२ साली अमेरिकेच्या सर्वोच्च न्यायालयाने त्यांचा हा हक्क मान्य केला आहे. वीस वर्षे नागपूरला गणित शिकवलेल्या मला, अपूर्णांक तोंडी सोडवणारी त्यांची थोरली मुलगी चौदाव्या वर्षी भाजीच्या टपरीवर बसलेली पाहून अजून वाईट वाटते. बाप्तिस्मा घेऊन जो नंतर सोडून जातो त्याच्याशी घरच्यांनीही अंतर ठेवायचे, हेही मला सोसत नाही. एकदा बोलून पाहिले. आजी म्हणाल्या, “तुमची मुले शिकून कुठे असतात?” त्यावर मला उत्तर सुचले नाही. तरी माझे मत बदललेले नाही.

आता तुझा मूळ प्रश्न. गेल्या फेब्रुवारीत दोन दिवस बर्फ पडून वाट बुजली, तेव्हा सकाळी सहाला खेचरे जुंपून शेजारी आले आणि मोटारीपासून रस्त्यापर्यंतची वाट मोकळी करून गेले. पैसे घेतले नाहीत. मी चकल्यांचा डबा पाठवला. तो परत आला तेव्हा आत सफरचंदाचा आटवलेला गर, ज्याला इथे ‘ॲपल बटर’ म्हणतात, तो होता. रिकामा डबा परत करू नये हे त्यांना कोणी शिकवले कोण जाणे. इथल्या स्वयंसेवी अग्निशमन दलातही आमिश तरुण आहेत. ते बंबावर चढतात, फक्त तो चालवत नाहीत. त्याच दलासाठी वसंतात बर्फ वितळून चिखल झालेला असताना जो लिलाव भरतो, त्याला चिखल-लिलावच म्हणतात, आणि आपल्या बैठकीतली गोधडी तिथलीच आहे. तेव्हा अडीअडचणीला कोण, हे तूच ठरव. आम्ही तूर्त इथेच राहणार आहोत.

नोव्हेंबरात येणार असशील तर मंगळवार आणि गुरुवार टाळ. सुगी संपल्यावर यांची लग्ने त्याच वारी असतात, आणि यंदा शेजारच्या घरात लग्न आहे. तीनशेच्या वर पाहुणे येणार म्हणून आपले अंगण त्यांना गाड्या लावायला दिले आहे, त्यामुळे तुझ्या मोटारीला त्या दिवशी जागा मिळणार नाही. टेकडीवरून उतरताना वेग कमी ठेव. पुढे चाललेल्या बग्गीमागचा नारिंगी त्रिकोण फार उशिरा दिसतो. ड्रोन घरी ठेवून ये.

तुझी,
आई