ऑनलाइन बैठकांचा प्रवेश संस्थेच्या निर्देशिकेशी जोडावा

माननीय संपादक,
स. न. वि. वि.

अनेक शिक्षणसंस्था आणि कार्यालये बिगब्लूबटन किंवा जित्सी यांसारख्या मुक्तस्रोत प्रणाली स्वतःच्या सर्व्हरवर बसवून ऑनलाइन बैठका घेतात, ही समाधानाची गोष्ट आहे. मात्र अशा प्रणालीत प्रत्येकाचे खाते हाताने वेगळे उघडण्याची पद्धत सोडून द्यायला हवी, असे मला कळकळीने सांगावेसे वाटते. संस्था सोडून गेलेल्या व्यक्तीचा ईमेल तत्परतेने बंद होतो, पण बैठकांच्या प्रणालीतले तिचे खाते आणि त्यातून दिसणारी जुन्या बैठकांची ध्वनिचित्रमुद्रणे यांची आठवण कोणालाच राहत नाही.

ओपनएलडॅप असो वा अ‍ॅक्टिव्ह डिरेक्टरी, सदस्यांची नोंद ठेवणारी निर्देशिका बहुतेक मोठ्या संस्थांकडे आधीपासूनच असते. तिच्याशी बोलण्याचा एलडॅप हा प्रोटोकॉल, म्हणजे संगणकांनी आपसात बोलण्याची ठरीव पद्धत, १९९३ पासून प्रकाशित आहे. बैठकांची प्रणाली एका सेवा-खात्याने, म्हणजे केवळ शोधासाठी उघडलेल्या खात्याने, निर्देशिकेत सदस्याची नोंद शोधते आणि त्याने दिलेला पासवर्ड त्याच नोंदीवर पडताळून घेते. त्यामुळे पासवर्डची आणखी एक प्रत कोठेही साठवावी लागत नाही. बिगब्लूबटनच्या ग्रीनलाइट या प्रवेशपृष्ठाच्या तिसऱ्या आवृत्तीत ही जोडणी कीक्लोकसारख्या ओळख-सेवेमार्फत ओपनआयडी कनेक्टने (एका सेवेने पडताळलेली ओळख दुसऱ्या प्रणालीला कळवण्याच्या पद्धतीने) करता येते. मला हा मार्ग अधिक चांगला वाटतो, कारण त्यात पासवर्ड बैठकांच्या प्रणालीच्या हाती पडतच नाही.

जोडणी करताना होणारी हयगय मात्र गंभीर आहे. एलडॅपच्या पोर्ट ३८९ वरील साध्या जोडणीत पासवर्ड नेटवर्कवरून उघडा जातो; म्हणून तेथे स्टार्टटीएलएस (साधी जोडणी सांकेतिक करण्याची सोय) सक्तीचे करावे किंवा सुरुवातीपासूनच सांकेतिक असलेला पोर्ट ६३६ वापरावा. सर्व्हरची ओळख पटवणाऱ्या प्रमाणपत्राची त्रुटी आली की पडताळणीच बंद करून काम पुढे रेटले जाते, तेव्हा समोरचा सर्व्हर खरोखर आपलाच आहे याची खात्री उरत नाही आणि सांकेतिकीकरणाचा अर्थच निघून जातो. शोधासाठीच्या खात्याला प्रशासकाचे अधिकार देणे हे तर अक्षम्य आहे. त्याला आवश्यक तेवढेच वाचण्याची मुभा पुरते. रिकामा पासवर्ड प्रणालीने स्वतःहून नाकारला पाहिजे, कारण काही निर्देशिका-सर्व्हर अशा विनंतीला अनामिक प्रवेश समजून होकार देतात आणि प्रणाली त्या होकारावरून सदस्याची ओळख पटली असे धरून चालते.

प्रवेश कोणाला द्यायचा, हे निर्देशिकेतील गटावरून ठरवावे. बाहेरच्या वक्त्यांसाठी निर्देशिकेत खोट्या नोंदी करण्याची गरज नाही. यजमानाच्या संमतीने आत घेणारी प्रतीक्षा-कक्षाची सोय त्यासाठीच असते.

जोडणी झाल्यावर जुनी स्थानिक खाती बंद झाली की नाही, हे आवर्जून तपासावे, अन्यथा गेलेल्या व्यक्तीचा जुना पासवर्ड चालूच राहतो. निर्देशिकेत खाते बंद केल्याने आधीच सुरू असलेले सत्र लगेच संपेलच असे नाही, म्हणून सत्राची मुदतही मर्यादित ठेवावी. निर्देशिका-सर्व्हर बंद पडला तर सगळ्यांचाच प्रवेश थांबतो, यासाठी दुसरा सर्व्हर तयार असावा आणि आणीबाणीपुरते एकच स्थानिक प्रशासक-खाते, त्याच्या प्रत्येक वापराची नोंद होईल अशा रीतीने, जपून ठेवावे.

आपला,
एक वाचक
(संगणक-प्रणाली व्यवस्थापक)