लॉटरीच्या तिकिटावर चान्स पण छापा की

संपादक साहेब,
आमच्या परभणीत लॉटरीच्या टपरीवर परवा एक काका भेटले, म्हणाले हा नंबर दोन महिने झाले निघालाच नाही म्हणजे आता निघणारच बघ. आता सोडतीच्या मशीनला मागचं काही आठवत असतंय का? ४९ पैकी ६ आकडे बरोबर यायचा चान्स १ कोटी ३९ लाख ८३ हजार ८१६ मध्ये एक, अन् अमेरिकेच्या पॉवरबॉलला तर २९ कोटींत एक, म्हणजे आपल्या अख्ख्या महाराष्ट्राच्या दुप्पट माणसं उभी केली तरी कमीच पडतील.

लॉटरी वाईटच असं नाही म्हणत मी. स्पेनची सरकारी लॉटरी १८१२ ची आहे, नाताळच्या सोडतीला शाळेची पोरं नंबर गाऊन सांगतात, लै भारी वाटतं बघायला. आपल्याकडं केरळनं १९६७ ला चालू केली, अन् महाराष्ट्रानं १९६९ ला, मटक्याचा नाद सुटावा म्हणून. सुटला का ते टपरीवर जाऊन बघा.

माझं एवढंच म्हणणं, तिकिटावर बक्षिसाचा आकडा छापता तेवढ्याच मोठ्या अक्षरात चान्सचा आकडा पण छापा. काका चष्मा आणत नाहीत, ते वेगळं.

– एक वाचक, परभणी