आमच्या स्किल लॅबची खरेदी मार्गी लावणाऱ्या सरांस जाहीर आभारपत्र

आदरणीय सर,

सप्रेम नमस्कार.

आमच्या नर्सिंग महाविद्यालयाच्या नव्या स्किल लॅबमध्ये सराव केलेली बी.एस्सी. नर्सिंगची तुकडी आता वॉर्डात जाऊ लागली आहे. या निमित्ताने आपले आभार फोनवरून मानून मोकळे होण्यापेक्षा ते जाहीरपणे मानावेत, असे आम्हा सर्व शिक्षकांना वाटले. त्यात थोडा स्वार्थही आहे. राज्यातील बरीच महाविद्यालये सध्या हीच खरेदी करीत आहेत आणि प्रत्येकाला आपल्यासारखा निवृत्त बायोमेडिकल इंजिनिअर गाठता येईलच असे नाही, तेव्हा आपण आम्हाला विचारलेले प्रश्न तरी त्यांच्यापर्यंत पोहोचावेत.

भारतीय नर्सिंग परिषदेचा सत्र पद्धतीचा सुधारित अभ्यासक्रम २०२१-२२ पासून लागू झाला, त्यात कौशल्य प्रयोगशाळेतील सरावाला वेळापत्रकात स्वतःचे तास मिळाले आणि दुसऱ्या सत्रात आरोग्य माहितीशास्त्र हा विषयही आला. संस्थेने निधी मंजूर केला, खरेदी समिती नेमली गेली, आणि पाहता पाहता माझ्या टेबलावर गुळगुळीत कागदावरच्या माहितीपत्रकांचा ढीग साचला. डोळ्यांच्या बाहुल्या लहानमोठ्या करणारा, घाम येणारा, कण्हणारा आणि संगणकाच्या आज्ञेवर हृदयाची लय बदलणारा पूर्णाकृती मॅनिकिन (सरावासाठीचा मानवी पुतळा) त्या ढिगाच्या सर्वात वर होता, हे आपल्याला आठवत असेल.

आपण पहिल्याच बैठकीत यंत्राचे नाव न घेता एवढेच विचारले की एका तुकडीत मुली किती आणि प्रात्यक्षिकाचा तास किती वेळाचा. साठ विद्यार्थी आणि दोन तास, असे आम्ही सांगितले. मग आपण माहितीपत्रकाच्याच मागे हिशेब मांडला: मॅनिकिन एकच असेल तर प्रत्येकीच्या वाट्याला दोन मिनिटे येतात, म्हणजे सीपीआरच्या (हृदय थांबलेल्या रुग्णाला छातीवर दाब आणि कृत्रिम श्वास देण्याच्या) ३० दाब आणि २ श्वास यांची जेमतेम पाच आवर्तने, तीही पुढची मुलगी आधीच गुडघे टेकून तयार बसली असेल तर. त्या हिशेबानंतर समितीत फारशी चर्चा उरली नाही. पूर्णाकृती मॅनिकिनचा प्रस्ताव पुढच्या टप्प्यासाठी बाजूला ठेवला गेला आणि त्या रकमेतून छातीपर्यंतचे साधे सीपीआर मॅनिकिन, इंजेक्शनचे आणि सलाइनचे सरावहात (सुई टोचायला शिकण्याचे कृत्रिम हात), कॅथेटरचे (लघवीच्या नळीचे) मॉडेल असे पुष्कळ साहित्य आले. आज एकाच वेळी सहा-सात गट निरनिराळ्या टेबलांवर काम करताना दिसतात. माझ्या मते आमच्या साऱ्या खरेदीतला हाच सर्वात मोलाचा निर्णय होता.

साधे मॅनिकिन निवडतानाही आपण आम्हाला किमतीवर थांबू दिले नाही. प्रौढ रुग्णाची छाती किमान ५ सेंटिमीटर दबली पाहिजे, ६ च्या पुढे जाता कामा नये आणि वेग मिनिटाला १०० ते १२० हवा, हे आम्ही वर्गात शिकवतोच. आपण त्यात भर घातली ती हात उचलण्याची. दाब पुरेसा झाला की ‘टक्’ आवाज करणारे मॅनिकिन स्वस्तात मिळतात, पण दोन दाबांच्या मध्ये छाती पूर्ण वर आली की नाही हे त्यांतले बरेचसे सांगत नाहीत, आणि दमलेली मुलगी नेमकी तिथेच चुकते, कारण ती शरीराचा भार छातीवरून काढतच नाही. म्हणून खोली, वेग आणि छातीचे परत वर येणे या तिन्ही गोष्टी दाखवणारा संच घ्यावा, ही अट आपण निविदेत लिहून घेतली. विक्रेत्यांच्या प्रात्यक्षिकाच्या दिवशी तर आपण कंपनीच्या प्रतिनिधीला बाजूला बसायला सांगून आमच्या दुसऱ्या वर्षाच्या एका किरकोळ बांध्याच्या मुलीला पुढे बोलावले. एका संचाचा हिरवा दिवा तिच्या हाताखाली लागेचना, तर दुसऱ्या संचाने ती कोपरात वाकते आहे हे दिव्यांवरून लगेच उघड केले. प्रतिनिधीचा चेहरा पाहण्यासारखा झाला होता, पण आम्हाला हवे होते ते उत्तर मिळाले.

(जेवताना आपण सांगितलेली गोष्ट मी आता दर वर्षी नव्या तुकडीला सांगते. जगभर वापरली जाणारी ‘रेसुसी ॲन’ ही बाहुली १९६० साली नॉर्वेतील आस्मुंड लेर्डाल या खेळणी बनवणाऱ्या उद्योजकाने तयार केली आणि तिचा चेहरा पॅरिसच्या सेन नदीत सापडलेल्या म्हणून ओळखल्या जाणाऱ्या एका अनोळखी तरुणीच्या मुखवट्यावरून घेतला. मुली त्या दिवशी मॅनिकिन जरा हळुवारपणे पुसून ठेवतात.)

रक्तदाबाच्या यंत्रांबाबत आमच्यात दोन तट होते, हे आपण जाणताच. तरुण शिक्षकांना डिजिटल यंत्रे हवी होती आणि आम्हा जुन्यांना पाऱ्याचीच. पाऱ्यावर नियंत्रण आणणाऱ्या मिनामाता कराराला भारताने २०१८ साली मान्यता दिली आहे आणि पाऱ्याची उपकरणे हद्दपार होत आहेत, तेव्हा शैक्षणिक खरेदीत ती नव्याने आणण्यात अर्थ नाही, हे आपण आम्हाला पटवले. डिजिटल यंत्राबद्दल आपले म्हणणे अधिक नेमके होते. ते यंत्र कफमधल्या (दंडाला बांधायच्या पट्ट्यातल्या) हवेच्या कंपनांवरून आकडा काढते, नाडी अनियमित असलेल्या रुग्णात फसू शकते, आणि त्यावरच शिकलेल्या मुलीच्या कानाला कफमधली हवा सोडताना स्टेथोस्कोपमधून ऐकू येणारे, कोरोटकॉफ या रशियन डॉक्टरांनी १९०५ मध्ये वर्णन केलेले आवाज कधी पडतच नाहीत. म्हणून सरावासाठी ॲनेरॉइड (पाऱ्याविना, काट्याची) यंत्रे आणि पडताळ्यासाठी मोजकी डिजिटल, असे ठरले. यंत्राला हात लावण्याआधी काटा शून्यावर आहे का ते पाहायचे, ही सवय आता आमच्या मूल्यमापनाच्या तक्त्यात पहिल्या ओळीत आहे.

खोक्यात एकच मध्यम आकाराचा कफ येतो, हेही आपणच लक्षात आणून दिले. दंड जाड आणि कफ लहान असला तर रक्तदाब खोटाच जास्त दिसतो, हे पाठ करून घेता येते, पण मुलीने लहान, मध्यम आणि मोठा असे तिन्ही कफ एकाच दंडावर बांधून तिन्ही आकडे स्वतः लिहिले की ते पुन्हा सांगावे लागत नाही.

आणि तो दोघांचा स्टेथोस्कोप. एकाच चेस्टपीसला (रुग्णाच्या अंगावर टेकवायच्या चकतीला) कानात घालायचे दोन जोड असलेले हे साधन यादीत कुणाच्याच मनात नव्हते, त्याची किंमतही इतर खरेदीच्या मानाने नगण्य. पूर्वी मी मुलीला “आवाज आला का?” असे विचारायची आणि ती घाबरून “हो मॅडम” म्हणायची. आता तिच्या आणि माझ्या कानात एकच आवाज एकाच क्षणी येतो. मी बोट वर केले की तो पहिला ठोका, खाली केले की आवाज नाहीसा झाला. दोन-तीन वेळा माझ्या बोटाबरोबर ऐकल्यावर मुलगी स्वतः बोट वर करू लागते, आणि ते माझ्या बोटाच्या आधी वर गेले की मी तिच्या कार्डावर सही करते. इतक्या वर्षांच्या नोकरीत मला शिकवण्याचे यापेक्षा सोपे साधन सापडलेले नाही.

इन्फ्युजन पंपाच्या (ठरलेल्या वेगाने सलाइन सोडणाऱ्या यंत्राच्या) बाबतीत आपण क्रम बदलून घेतला. आधी सलाइनचा साधा संच आणि सेकंदकाटा असलेले घड्याळ, मग पंप. २० थेंबांना १ मिलिलिटर सोडणाऱ्या संचातून ५०० मिलिलिटर द्रव ८ तासांत द्यायचा तर मिनिटाला सुमारे २१ थेंब पडले पाहिजेत, हे गणित कागदावर करून, नळीवरचा रोलर फिरवून, थेंब मोजून जमल्यावरच पंपाची बटणे दाबायची. ग्रामीण रुग्णालयात पंप असेलच याची खात्री नसते, आणि जिथे असतो तिथे त्यात चुकीचा आकडा भरला गेला आहे हे ओळखायला हेच गणित लागते. ऑक्सिजनचेही तसेच. चित्रातला सिलिंडर न दाखवता काळ्या अंगाचा आणि पांढऱ्या खांद्याचा खरा सिलिंडर, फ्लोमीटर (ऑक्सिजनचा प्रवाह मोजणारी नळी) आणि आर्द्रतेची बाटली मांडून ठेवायला आपण लावले, त्यामुळे फ्लोमीटरमधल्या गोळीचा मध्यभाग डोळ्यांच्या रेषेत आणून वाचायचा असतो हे मुलींना लॅबमध्येच कळते.

तुलनात्मक तक्त्याबद्दल लिहिल्याशिवाय हे पत्र पुरे होणार नाही, कारण आमच्या लेखा विभागानेही आता तो नमुना उचलला आहे. आमच्या तक्त्यात किंमत, कर आणि वॉरंटी एवढेच रकाने असत. आपण त्यात सरावहाताच्या बदलाव्या लागणाऱ्या कातडीची आणि शिरांच्या नळ्यांची किंमत, मॅनिकिनच्या फुप्फुसाच्या पिशव्या, वॉरंटी संपल्यावर सुट्या भागांसह देखभाल कराराचा दर, दुरुस्तीला माणूस कुठून येणार आणि किती दिवसांत, हे रकाने जोडले. सर्वात कमी दराचे कोटेशन पाच वर्षांच्या हिशेबात सर्वात महाग ठरताना आमच्या हिशेबनीसांनी पाहिले आणि त्यानंतर त्यांनी आपला एकही मुद्दा अडवला नाही. ऑटोक्लेव्ह (वाफेने उपकरणे निर्जंतुक करणारे यंत्र) आणि सक्शन मशीन (स्राव ओढून घेणारे यंत्र) येण्याआधी अर्थिंग तपासून घेणे, १६ अँपिअरचे स्वतंत्र पॉइंट काढून घेणे, ही कामे तर आपण वायरमनच्या शेजारी उभे राहून करवून घेतली.

संगणक कक्षाचा विषय थोडक्यात आटपतो, कारण तिथे आपण मुख्यतः आमचा खर्च वाचवला. महागडे टॅब प्रत्येकीला देण्याचा विचार सोडून साधे संगणक आणि ओपनएमआरएस हे मुक्त स्रोत नोंदप्रणालीचे सॉफ्टवेअर घ्यावे, असे आपण सुचवले. मुली त्यावर काल्पनिक रुग्णाचे तापमान, नाडी, दिलेली औषधे नोंदवतात आणि एकीची नोंद दुसरीला वाचून ड्युटी हस्तांतरित करावी लागते.

या सगळ्यासाठी आपण मानधन घेतले नाही, प्रवासखर्चाचे बिलही दिले नाही, आणि एकदा तर वहिनींनी डब्यात आम्हा सर्वांसाठी थालीपिठे पाठवली. याची परतफेड होण्यासारखी नाही. संस्थेतर्फे, खरेदी समितीतर्फे आणि ज्या मुलींना आपण कधी शिकवले नाही त्या मुलींतर्फे आपले मनःपूर्वक आभार मानते.

पुढील सत्रात प्रसूतीच्या मॉडेलची खरेदी आहे. तिन्ही कोटेशने आली आहेत आणि सुट्या भागांचा रकाना भरून घेतला आहे. आपल्या सवडीने एक दिवस यावे, ही विनंती.

आपली नम्र,
स्किल लॅब प्रमुख व सहकारी शिक्षक